ज्यूंना दार उघडणारे गाव : ल शांबों

दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छळातून लपून राहिलेली ज्यू कुटुंबे कशी वाचली, हे समजून घ्यायचे तर फ्रान्समधील ल शांबों-सुर-लिन्यों या डोंगराळ गावाचा इतिहास आपण वाचला पाहिजे.

१९४० मध्ये जर्मनीने फ्रान्सचा पराभव केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या विशी सरकारने कायदा करून ज्यूंना सरकारी नोकरी, अध्यापन आणि वृत्तपत्रांतून बाहेर काढले. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी दोन दिवसांत सुमारे १३ हजार ज्यूंना पकडले. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. फ्रान्समधून एकूण सुमारे ७६ हजार ज्यू मृत्युछावण्यांकडे पाठवले गेले. परत आले जेमतेम अडीच हजार.

अशा काळात ल शांबों आणि शेजारच्या गावांनी ज्यूंना आसरा दिला. पाद्री आंद्रे त्रोक्मे व त्यांच्या पत्नी माग्दा यात पुढे होत्या. शेतकऱ्यांची घरे, खाणावळी, वसतिगृहे, जिथे जागा होती तिथे माणसे राहिली. मुले खोट्या नावांनी शाळेत जात. पोलीस येणार असे कळले की सगळे रानात जात. अनेक कुटुंबांची ताटातूट झाली. आईवडील छावणीत आणि मूल परक्याच्या घरी, अशी स्थिती होती. ज्यू स्वतःही स्वस्थ बसले नव्हते. ऑस्कर रोसोव्स्की या ज्यू तरुणाने तिथेच राहून हजारो बनावट कागदपत्रे तयार केली.

या गावानेच हे का केले? इथले बहुतेक लोक प्रोटेस्टंट, म्हणजे फ्रान्समधील अल्पसंख्य. १६८५ मध्ये राजा चौदाव्या लुईने त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले होते. त्यांचे पूर्वज याच डोंगरांत लपून प्रार्थना करत. ती आठवण घराघरांत जिवंत होती.

याची किंमतही मोजावी लागली. जून १९४३ मध्ये एका वसतिगृहावर छापा पडला. विद्यार्थ्यांसोबत त्यांचे शिक्षक दानियेल त्रोक्मे यांनाही नेले. १९४४ मध्ये मायदानेक छावणीत त्यांचा मृत्यू झाला. १९९० मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने या परिसरातील सर्व रहिवाशांचा गौरव केला.

आपल्या पूर्वजांनी सोसलेला बहिष्कार आपण दर जयंतीला सांगतो. तो सांगायलाच हवा. पण उद्या दुसऱ्या कुणावर तशी वेळ आली, तर आपल्या विहाराचे दार त्यांच्यासाठी उघडेल का, हा प्रश्न ल शांबों आपल्याला विचारते.