प्रतीक्षा, चक्र आणि रांग : डेटाबेसमधील कोंडीच्या निदानाचा इतिहास

डेटाबेस सर्व्हर एकाएकी स्तब्ध झाला म्हणजे 'कोणती प्रक्रिया बिघडली?' असा प्रश्न प्रथम मनात येतो. वस्तुतः 'कोण कोणासाठी थांबले आहे?' असे विचारावयास हवे. हा दृष्टिपालट कसा घडून आला, हे पाहणे उद्बोधक आहे.

एकाच नोंदीत दोघांनी एकाच वेळी फेरफार करू नये म्हणून तीवर लॉक, म्हणजे कुलूप, घालण्याची रीत पडली. परंतु दोन प्रक्रिया परस्परांच्या कुलुपांसाठी अडून बसल्या, तर कोणाचीच सुटका नाही. एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये या अवस्थेस प्राणघातक आलिंगनाची उपमा दिली. आपणांस येथे धृतराष्ट्राच्या मिठीचे स्मरण होईल. भेद इतकाच की, या मिठीत उभय पक्ष सारखेच सापडतात. पुढे १९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी तिच्या चार आवश्यक अटी सांगितल्या : अनन्य ताबा, एक वस्तू धरून दुसरीची प्रतीक्षा, ताबा बळाने काढून घेण्यास मनाई आणि प्रतीक्षेचे चक्र. चक्र सापडले की एक व्यवहार रद्द करून इतरांस मोकळे करावे, असा उपचार रूढ झाला.

तथापि चक्र नसतानाही सर्व्हर रखडतो. आयबीएमच्या 'सिस्टिम आर' या प्रकल्पातील ब्लासजेन, ग्रे, मितोमा व प्राइस यांनी १९७९ मध्ये अशाच एका प्रकाराचे विवेचन केले. वर्दळीचे कुलूप हाती असतानाच एखाद्या प्रक्रियेकडून प्रोसेसर काढून घेतला जातो; तेवढ्यात इतरांची रांग लागते. ती परतून कुलूप सोडते, ते रांगेतील पहिलीस मिळते. पण सोडणारीस लवकरच तेच पुन्हा हवे असते व ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. मूळ कारण नाहीसे झाले तरी रांग टिकते आणि प्रोसेसरचा वेळ प्रक्रियांच्या अदलाबदलीत खर्ची पडतो. दोष होता तो 'प्रथम येईल त्यास प्रथम' या वरकरणी न्याय्य नियमात. म्हणून कुलूप कोणासही राखून न ठेवता मोकळे सोडावे, प्रतीक्षकांस जागे करावे व जी आधी मागेल तीस ते द्यावे, असा उपाय त्यांनी सुचविला.

यावरून निदानाचे एक सूत्र हाती येते. सर्वांत अधिक काळ थांबलेली प्रक्रिया बहुधा अपराधी नसून पीडित असते. तीस बंद केल्याने कोंडी फुटत नाही. प्रतीक्षेची साखळी शेवटपर्यंत तपासावी. ती आपल्याशीच येऊन मिळाली तर ते चक्र. न मिळाल्यास कुलूप धरून बसलेला, पण स्वतः कोणत्याही कुलुपासाठी न थांबलेला असा एक धारक टोकाशी सापडतोच. तो काय करीत आहे, हाच खरा प्रश्न होय.