मेक्सिकोच्या भिंतीवरचा वर्धेकर

मेक्सिकोला जाऊन आलो म्हटलं की आमच्या पुसदमध्ये समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे दक्षिण अमेरिकेत ना?" नकाशात हा देश उत्तर अमेरिकेत मोडतो. पण भाषा स्पॅनिश, माणसं गप्पिष्ट, पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही ही रीत. मीही फार दुरुस्ती करत बसत नाही.

२०२३ मध्ये मेक्सिको सिटीत आठ दिवस राहिलो. शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर, महाबळेश्वराहून कितीतरी उंच. दोन जिने चढलो की धाप लागायची. जुन्या तळ्याच्या गाळावर वसल्यामुळे मोठमोठ्या इमारती खचून कललेल्या. रस्त्याच्या कडेला बायका तव्यावर मक्याची भाकर भाजतात. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग वाटतात. त्याने तो पचतो आणि त्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. सोबत मिरचीचा ठेचा होताच! मिरची तिथूनच आपल्याकडे आली. आज आमच्या शिवारात जो कापूस पेरतात, त्या अमेरिकी जातीचं मूळ घरही मेक्सिकोच.

मी गेलो होतो ते मात्र एका भिंतीसाठी. तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या वास्तूत दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने १९२८ मध्ये एक भित्तिचित्र काढलं. नाव 'आपली भाकर'. टेबलाभोवती नाना जातीवर्णांची माणसं, मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई, आणि मधोमध पाव वाटणारा एक गृहस्थ. तो चेहरा पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा मानला जातो. खानखोजे आपल्या वर्ध्याचे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते देशाबाहेर पडले. अमेरिकेत शेतकी शिकले, गदर पक्षाच्या उभारणीत सामील झाले, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी लढले. १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालवल्या, मक्याचा त्याच्या रानटी भाईबंदाशी संकर करून नवं वाण काढलं. क्रांतिकारक म्हटलं की आपल्याला पिस्तूल आठवतं. मला विचाराल तर त्यांचं मोठं काम या मक्याच्या शेतातलं.

चापिंगो राजधानीच्या पूर्वेला, बसने सहज जाण्यासारखं. २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते तिथे खानखोज्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. मी उभा होतो तेव्हा एका विद्यार्थ्याने वर्धा कुठे ते विचारलं. म्हटलं, यवतमाळवरून एसटीने चार तास! त्याला काय कळलं कोण जाणे, पण हसला मनापासून.

मायदेशाने मात्र या माणसाला दारात ताटकळत ठेवलं. स्वातंत्र्यानंतर ते यायला निघाले, तर इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव तसंच होतं, आणि आधी व्हिसाच नाकारला गेला. ज्यांच्याविरुद्ध लढले त्यांचं राज्य गेलं, यादी राहिली. पुढे पन्नाशीच्या दशकात ते नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले.

तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते आमच्या पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक, आणि गावोगावी संकरित ज्वारीचा बोलबाला होता. त्याच वर्षांत संकरित मक्यासाठी उमर घातलेला एक म्हातारा नागपुरात राहत होता, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही.