पेटी कुणाच्या मापाची?

मधपेटी वर्गात नेली की मुले आधी विचारतात, “चावतात का?” आमची पेटी रिकामीच होती, त्यामुळे तो प्रश्न लवकर संपला. मग एका मुलीने विचारले, “पेटी एवढीच का? मोठी केली तर मध जास्त नाही का मिळणार?” आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळले, की याच प्रश्नावर जाणती माणसे दीडशे वर्षे वाद घालत आली आहेत.

पेटीत दोन प्रकारची मापे असतात. एक माशीने ठरवलेले, दुसरे माणसाने. पहिल्याचा शोध अमेरिकेतले धर्मोपदेशक लँगस्ट्रॉथ यांना १८५१ साली लागला. त्याआधी मध काढायचा म्हणजे पोळे कापायचे. मधाबरोबर अंडी, अळ्या, सगळेच पिळून निघे आणि वसाहत मोडे. लाकडी खोकी वापरणारे होते, पण माश्या पोळी खोक्याच्या भिंतींना चिकटवून टाकत. लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आले, की चौकट आणि भिंत यांच्यात पाऊण ते एक सेंटिमीटर फट ठेवली तर माश्या ती येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. फट याहून अरुंद असेल तर त्या डिंकासारख्या राळेने बुजवतात, रुंद असेल तर तिथे पोळे बांधतात. एवढ्या साध्या निरीक्षणामुळे चौकट पुस्तकाच्या पानासारखी बाहेर काढून पाहता येऊ लागली. १८५२ साली त्यांना पेटंट मिळाले. त्याचा आर्थिक लाभ मात्र त्यांना फारसा झाला नाही, कारण ज्याला त्याला ही कल्पना आपलीच वाटू लागली.

फट किती हवी हे माशीने सांगितले, पण चौकट केवढी हवी हे तिने सांगितलेले नाही. झाडाच्या ढोलीत जेवढी जागा असेल तेवढ्यात ती भागवते. त्यामुळे वादाला इथूनच तोंड फुटले. लँगस्ट्रॉथ यांची चौकट सुमारे ४५ सेंमी लांब आणि २३ सेंमी उंच, आणि पेटीत अशा दहा. फ्रान्समधून अमेरिकेत आलेले शार्ल दादाँ म्हणत, की चांगल्या राणीला ही जागा अपुरी पडते, चौकट जास्त उंच हवी. इंग्लंडमधल्या मधपाळांच्या संघाने १८८२ साली तिसरेच, यापेक्षा लहान माप प्रमाण मानले.

कोण बरोबर? फळ्यावर गणित मांडून पाहू. युरोपीय माशीचे कामकरी घर साधारण ५.३ मिमी रुंद असते. घरे षटकोनी, म्हणजे एकाचे क्षेत्रफळ सुमारे २४ चौरस मिमी. लँगस्ट्रॉथ चौकटीत पोळ्याची जागा ४२ × २० सेंमी धरली तर दोन्ही बाजू मिळून जवळजवळ सात हजार घरे होतात. भर हंगामात राणी दिवसाला दीड ते दोन हजार अंडी घालते, आणि अंड्यापासून कामकरी माशी व्हायला २१ दिवस लागतात. म्हणजे एका वेळी ३१ ते ४२ हजार घरे पिलाव्याने भरलेली. त्याला साडेचार ते सहा चौकटी लागतात. उरलेल्या चार-पाच परागाला आणि माश्यांच्या स्वतःच्या मधाला. लँगस्ट्रॉथ यांचे दहा चौकटींचे माप अगदी चपखल नसले तरी चालण्यासारखे आहे, आणि दादाँ यांची तक्रारही अगदी खोटी नाही. जागा कमी पडली की वसाहत फुटते, निम्म्या माश्या जुन्या राणीला घेऊन निघून जातात आणि मध राहतो बाजूला.

तरीही जगात जास्त पसरली ती लँगस्ट्रॉथ पेटीच. याचे श्रेय माशीपेक्षा कारखान्याला अधिक, असे आमचे मत आहे. ओहायो राज्यातल्या मेडायना गावी ए. आय. रूट यांनी पेट्या यंत्रावर कापून विकायला सुरुवात केली. एकाची चौकट दुसऱ्याच्या पेटीत बसू लागली. मधयंत्र, मेणपत्रे, सगळे त्याच मापाचे मिळू लागले. रेल्वेच्या रुळांची रुंदी एकदा ठरली की बदलत नाही, तसेच हे झाले.

आता आपल्याकडे येऊ. चल चौकटींच्या पेटीत मधमाश्या पाळण्याचे प्रयत्न हिंदुस्थानात १८८० च्या सुमारास बंगालमध्ये, मग पंजाब आणि कुलू भागात झाले. ते टिकले नाहीत. कारणे अनेक असतील, पण युरोपीय माशीचे माप आपल्या सातेरी माशीला का लागू पडत नाही, ते आकड्यांतच दिसते. सातेरी लहान असते. दक्षिणेकडील सातेरीचे घर सुमारे ४.३ मिमी रुंद, क्षेत्रफळ १६ चौरस मिमी. त्यामुळे लँगस्ट्रॉथच्या एका चौकटीत तिची दहा हजारांवर घरे मावतील. तिची राणी दिवसाला सातशे अंडी घालते असे धरू, आणि वाढीला २० दिवस. झाली चौदा हजार घरे. म्हणजे सगळा पिलावा दीड चौकटीत संपला! उरलेल्या साडेआठ चौकटी सांभाळायला तेवढ्या माश्याच नसतात. रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो, पिलाव्याची ऊब टिकत नाही आणि सातेरी तर जरा बिनसले की घर सोडून उडून जाणारी. शिवाय तिची पोळी पातळ असल्याने ती जवळ जवळ बांधली जातात. युरोपीय अंतरावर लावलेल्या चौकटींत ती वेडीवाकडी बांधते, आणि मग चौकट काढता येण्याचा फायदाच उरत नाही.

हे कोडे तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी १९१०-११ च्या सुमारास सोडवले. त्यांनी परदेशी पेटी लहान करण्यापेक्षा देशी माशीकडे पाहून पेटी बेतली. पिलावाकोठीत सात चौकटी, प्रत्येकीत पोळ्याची जागा सुमारे २१ × १४.५ सेंमी. आपले गणित पुन्हा लावा. एका चौकटीत ३,८०० घरे, चौदा हजारांना पावणेचार चौकटी. उरल्या सव्वातीन. लँगस्ट्रॉथ पेटीत मोठ्या माशीसाठी जे प्रमाण होते, जवळपास तेच इथे लहान माशीसाठी आले. न्यूटन यांनी गणित असेच केले असेल असे नाही, पण उत्तर जुळते खरे.

पिलावाकोठीचे झाले. मध माणसाला मिळतो तो तिच्यावर ठेवलेल्या मधकोठीतून, आणि ती न्यूटन पेटीत बरीच बुटकी असते. मुलीचा प्रश्न खरा इथे लागू पडतो. मधकोठी मोठी का नको? एक तर वजन. पूर्ण उंचीची लँगस्ट्रॉथ कोठी मधाने भरली की ३५ ते ४० किलो होते. ती छातीशी धरून उतरवायची आणि भोवती माश्या. दुसरे, बुटकी कोठी लवकर भरते आणि माश्या तिची घरे मेणाने लवकर बंद करतात. बंद घरातला मध पिकलेला असतो, उघड्या घरातला पातळ आणि आंबणारा. शिवाय जांभळाचा मध काढून घेऊन पुढच्या फुलोऱ्याआधी रिकामी कोठी परत ठेवता येते. तोटाही आहे, तेवढ्याच मधासाठी जास्त चौकटी हाताळाव्या लागतात.

न्यूटनचे मापही सगळीकडे चालले नाही. सातेरी एकसारखी नाही. उत्तरेकडे आणि उंचावर ती अंगाने मोठी होत जाते, वसाहतही मोठी होते. नैनितालजवळ ज्योलीकोटला मोठ्या चौकटीची पेटी तयार झाली. पुढे भारतीय मानक ठरवताना दोन्ही मापे ठेवावी लागली. ‘ए’ प्रकार न्यूटनच्या वळणाचा, ‘बी’ प्रकार ज्योलीकोटच्या. एका देशासाठी एकच माप ठरवण्याचा मोह टाळला गेला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

१९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूच्या साथीने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती फार मोठ्या प्रमाणावर मेल्या. त्यानंतर तिकडेही युरोपीय मेलिफेरा माशी आणि तिच्याबरोबर लँगस्ट्रॉथ पेटी पसरली. हिमाचल-पंजाबात ती १९६० च्या दशकातच स्थिरावली होती. त्यामुळे आज दोन्ही मापांच्या पेट्या विकत मिळतात, आणि दिसायला मोठी म्हणून लँगस्ट्रॉथ घेऊन तिच्यात सातेरी बसवण्याची चूक आजही होऊ शकते.

पुढच्या खेपेला आम्ही त्याच वर्गात एक गळून पडलेले, रिकामे पोळे आणि पट्टी घेऊन गेलो. एका ओळीतली दहा घरे मोजायची आणि लांबी पाहायची. ५३ मिमीच्या आसपास आली तर मेलिफेरा, ४३ च्या आसपास आली तर सातेरी. आमच्या पोळ्याची ४४ भरली. मग त्या मुलीने ती पट्टी पेटीच्या चौकटीला लावली आणि गुणाकार करायला बसली.