दिल्लीच्या बागा आणि विद्यापीठातला फुरसतीचा अभ्यास

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. बागा, मोकळा वेळ आणि त्यांचं विद्यापीठातलं शिक्षण. अमेरिकेत 1906 साली मुलांच्या मैदानांसाठी राष्ट्रीय संघटना निघाली. पुढे मैदानं आणि उद्यानं चालवणं हा शिकून करायचा पेशा झाला आणि विद्यापीठांत त्याची पदवीही मिळू लागली. आपल्याकडे मात्र फुरसत म्हटलं की आळस आठवतो. मग बागेचा अभ्यास आपल्याकडे कुणी केला? त्यासाठी आपण दिल्लीला जाऊ.

सुरुवात लोधी गार्डनपासून करतो. तिथे सय्यद आणि लोधी सुलतानांच्या काळातल्या, पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या कबरी आहेत. या कबरींच्या भोवती खैरपूर नावाचं गाव वसलेलं होतं. नवी दिल्ली उभी राहिल्यावर ब्रिटिशांनी ते गाव उठवलं, बाग केली आणि 1936 साली व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने 'लेडी विलिंग्डन पार्क' म्हणून ती खुली केली. स्वातंत्र्यानंतर नाव बदललं. 1968 साली जोसेफ स्टाइन आणि गॅरेट एक्बो या दोन अमेरिकी रचनाकारांनी तिला आजचं रूप दिलं. आज सकाळी तिथे फिरायला येणाऱ्या किती जणांना खैरपूर माहीत असेल? एक गाव उठलं तेव्हा ही बाग झाली. पुढचं ऐकताना हे लक्षात असू द्या.

आता शिक्षणाकडे येऊ. दिल्लीत वास्तुकलेचं शिक्षण 1941 साली दिल्ली पॉलिटेक्निकच्या एका विभागात सुरू झालं. 1955 साली नगररचनेची वेगळी शाळा निघाली. 1959 साली दोन्ही एकत्र आल्या आणि 'स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर' ही संस्था तयार झाली. 1970च्या दशकात तिथे लँडस्केप आर्किटेक्चरचं, म्हणजे भूदृश्यरचनेचं पदव्युत्तर शिक्षण मिळू लागलं. जमिनीचा उतार, पाण्याचा निचरा, माती, झाडाची सावली कुठे पडेल, माणूस कुठून चालत येईल, हे सगळं विद्यार्थी कागदावर मांडायला शिकले. हे ज्ञान साधं नाही. दिल्लीत मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर ऊन असतं. तिथे चुकीच्या जागी ठेवलेला बाक कुणाच्याच कामाचा नसतो.

या परंपरेचं उत्तम फळ म्हणजे हुमायूनच्या कबरीशेजारची सुंदर नर्सरी. तिची रचना मोहम्मद शाहीर यांची. ते याच संस्थेत अनेक वर्षं शिकवत होते. 2015 साली ते गेले. बाग लोकांसाठी खुली झाली 2018 साली. सुमारे 90 एकरांची ही जागा ब्रिटिश काळात नव्या राजधानीसाठी रोपं तयार करायची रोपवाटिका होती. लोधी गार्डनही साधारण तेवढीच मोठी. पण तिथे तुम्ही फुकट आत जाता आणि सुंदर नर्सरीत तिकीट काढावं लागतं. तिकिटाच्या पैशातून बाग नीट राखता येते, हे खरंच. पण चार मुलांना घेऊन आलेला मजूर दारातच हिशेब करतो, हेही खरं. हा हिशेब बागेच्या नकाशावर कुठेच उमटत नाही.

तो मांडला दुसऱ्या एका शास्त्राने, समाजशास्त्राने. त्यामागे एक भयंकर घटना आहे. 30 जानेवारी 1995, उत्तर दिल्लीतलं अशोक विहार. एका बाजूला आखीव वसाहत, दुसऱ्या बाजूला रुळांलगतची झोपडपट्टी आणि मध्ये एक मोकळं मैदान. वसाहतीच्या लेखी ते उद्यान होतं. झोपडपट्टीत हजारो माणसांना मोजकेच संडास, म्हणून तिथल्या लोकांच्या लेखी ती सकाळी जायची जागा होती. त्या दिवशी अठरा वर्षांचा एक मुलगा तिथे शौचाला गेला आणि त्याला मारहाण करून ठार करण्यात आलं. लोक संतापून बाहेर पडले. पोलिसांच्या गोळीबारात आणखी चार जण मेले.

अमिता बाविस्कर यांनी या घटनेवर लिहिलं. आडनाव ओळखीचं वाटलं ना? महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांच्या त्या कन्या. त्यांनी दिल्ली विद्यापीठात शिकवलं, इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथमध्ये संशोधन केलं आणि पुढे सोनिपतच्या अशोका विद्यापीठात गेल्या. दिल्लीचा रिज, राष्ट्रपती भवनाची बाग, अरवलीतलं मांगर बनी, या सगळ्यांवर त्यांचं काम आहे. मांगर बनी म्हणजे फरिदाबाद जिल्ह्यातली देवराईच. एका बाबाच्या श्रद्धेपोटी गावकऱ्यांनी तिथलं धौ झाडांचं जंगल राखलं. आपल्याकडे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासल्या, त्याची इथे आठवण होते.

बाविस्करांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. हिरवी जागा राखायची म्हणजे कुणासाठी राखायची, आणि ती राखताना बाहेर कोण पडतं? 1936 साली खैरपूर बाहेर पडलं. 1995 साली एका मुलाचा जीव गेला. दोन्ही वेळी शहर सुंदर करण्याचीच भाषा होती.

म्हणून मला वाटतं, फुरसतीचा अभ्यास आपल्याकडे व्हायलाच हवा आणि या दोन्ही शास्त्रांनी एका वर्गात बसून तो करावा. झाड कुठे लावायचं हे एकाने सांगावं. फाटक किती वाजता उघडायचं, तिकीट किती ठेवायचं, संडास आणि पाण्याचा नळ कुठे हवा, रात्रपाळीहून आलेल्या माणसाला गवतावर झोपू द्यायचं की नाही, हे दुसऱ्याने विचारावं. फुरसत ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे, बागेची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते.

तुमच्या गावातल्या बागेच्या जागी आधी काय होतं? घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.