पऱ्हाटी, सरकी आणि झेंडा: आपल्या कापसाचं काय काय झालं

शंभर किलो कापूस जिनात घातला तर रुई निघते साधारण ३४-३५ किलो. बाकी जवळपास सगळी सरकी. आणि वेचणी संपल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी तर हिशेबातच नाही. भाव कापसाचा निघतो, आंदोलनं कापसाच्या भावासाठी होतात (व्हायलाच पाहिजेत), पण झाडाच्या उरलेल्या भागाचं काय, हे विचारायची सवय आपल्याला राहिली नाही. नांदेडकरांना तरी ती असायला हवी होती.

कारण हा भाग निजामाच्या काळापासून कापसाचा. इथली गावरानी मुंबईच्या बाजारात नावानं ओळखली जायची. देशी वाण, मुळं खोल, कोरडवाहूत तग धरणारा, आणि देशी असून धागा बरा लांब. त्यात आखूड धाग्याची भेसळ होऊ नये म्हणून हैदराबाद संस्थानाने कायदाच केला होता. ठरलेल्या भागात दुसरं बी पेरायचं नाही, बाहेरचा हलका कापूस आणायचा नाही. आज बोगस बियाण्यांच्या बातम्या वाचताना हे आठवतं.

१९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली आणि उमरी, धर्माबादसारख्या स्टेशनांवर जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली. नांदेडात उस्मानशाही मिल निघाली, निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाची. जानेवारी १९४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली, ही गोष्ट मुक्तिसंग्रामाच्या प्रत्येक भाषणात येते. पण उमरीएवढ्या गावात बँक आणि एवढी रोकड का होती, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते उत्तर सरळ आहे: जानेवारी म्हणजे कापसाचा ऐन हंगाम.

आता त्या सरकीचं बघू. तेल आणि पेंड सगळ्यांना माहीत आहे. पण जिनातून निघाल्यावरही सरकीला बारीक लव चिकटून असते, तिला लिंटर म्हणतात. ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. १८४६ मध्ये शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून स्फोटक बनवलं. पुढे त्याच वाटेने सेल्युलॉइड आलं, सेल्युलॉइडमधून फिल्म आली. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फिल्मवर उतरला ती नायट्रेट फिल्म, म्हणजे मुळात सेल्युलोजच. आपल्या खिशातल्या नोटेचा कागदही कापसाचाच, तोही गिरणीत पिंजून-विंचरून खाली पडलेल्या आखूड धाग्यांचा. कचरा म्हणायचा तो याला!

या सगळ्यातलं आपल्याकडे किती झालं? रुईच्या गाठी बांधून पाठवणं झालं. उस्मानशाही मिल पुढे सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंद पडली. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. तिने शेतकऱ्याला हमी दिली हे खरं, पण ती खरेदीचीच योजना राहिली. कापसापासून पुढे काय करायचं, हा प्रश्न तिच्या कक्षेतच नव्हता.

एक काम मात्र इथे टिकलं. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडात स्वतंत्रपणे उभी राहिली. ज्या तिरंग्यासाठी निजामाच्या राज्यात लोकांनी तुरुंग भोगला, तो तिरंगा आज ही समिती बनवते. कापड विणलं जातं लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात, शिवणकाम नांदेडात. सगळ्यात मोठा झेंडा १४ बाय २१ फुटांचा. हुबळीचं नाव देशभर झालं, नांदेड-उदगीरचं आपल्याच लोकांना माहीत नाही.

३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली. तोवर झेंडा हातानं कातलेल्या-विणलेल्या खादीचाच असायचा. आता यंत्रावरचा चालतो, पॉलिस्टरचाही चालतो. ‘हर घर तिरंगा’साठी घराघरात झेंडा जावा याला माझा विरोध नाही, आणि एवढी खादी एकदम विणून होणार नव्हती हेही मान्य. पण पॉलिस्टर येतं पेट्रोलियममधून. संहिता सांगते की फाटका झेंडा एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावा. खादी जळून राख होते. पॉलिस्टर वितळून थेंब थेंब गळतं. हा सन्मान कसा करायचा ते दुरुस्ती करणाऱ्यांनी सांगावं.

राहिली पऱ्हाटी. हेक्टरी दोन-तीन टन निघते. तिची रचना टणक लाकडाच्या बरीच जवळची. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसावरची प्रयोगशाळा आहे, आजची सिरकॉट. तिथल्या शास्त्रज्ञांनी पऱ्हाटीचे तुकडे करून, राळ मिसळून, दाबून फर्निचरचे बोर्ड करून दाखवले. इंधनाच्या कांड्याही केल्या. तंत्र आहे. मग शेतात धूर का?

लातूरकडे बघितलं की कळतं. उसाची चिपाडं कारखान्यात वाया जात नाहीत. बॉयलर त्याच्यावर चालतो, काही ठिकाणी वीज विकली जाते. कारण ऊस स्वतःच चिपाड घेऊन गेटवर येतो. कापसाचं उलट आहे. रुई गावात जाते, पऱ्हाटी रानातच राहते. ती हलकी, फुगीर. ट्रॉली दिसायला भरते, पण वजन भरत नाही. वाहतुकीतच पैसे संपतात. पूर्वी चुलीला लागायची म्हणून बाया मोळ्या बांधून आणायच्या, गॅस आल्यावर तेही कमी झालं. त्यात गुलाबी बोंडअळी. २०१७ चा हंगाम आठवा. किडक्या बोंडांसकट पऱ्हाटी घराजवळ रचून ठेवली तर अळी पुढच्या हंगामापर्यंत तिथेच दडून राहते. म्हणजे साठवायची तर धोका, जाळायची तर नुकसान.

उपाय म्हणजे बांधावरच भुगा करणारं यंत्र आणि दहा-पंधरा गावांत मिळून एक छोटं युनिट. पोकरासारख्या योजनांतून औजारांना अनुदान मिळतंच. शेतकरी कंपन्याही सोयाबीनच्या पलीकडे बघायला तयार होतील, पण बोर्ड घेणारा गिऱ्हाईक आधी ठरला पाहिजे. शाळांची बाकं, अंगणवाडीची कपाटं जिल्हा परिषदच विकत घेते. त्या निविदेत पऱ्हाटीच्या बोर्डाला जागा ठेवायला कायदा बदलावा लागत नाही.

उस्मानशाही मिलमध्ये ज्यांच्या घरातल्या कुणी काम केलंय, किंवा उदगीरच्या खादी केंद्रात ज्यांनी सूत कातलंय, त्यांनी जरूर लिहा. मजुरी किती होती, कोणता कापूस यायचा, खाली पडलेला धागा कुठे जायचा, हे मला हवंय.