भोगवट्यापासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत : मुंबईतील वास्तू-वापर परवानगीचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इमारत बांधून पूर्ण झाली म्हणजे तीत राहावयास जाता येते, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र बांधकाम पूर्ण होणे आणि वास्तू वापरण्यास मोकळी होणे या दोन भिन्न घटना आहेत. त्या दोहोंच्या मध्ये एक अर्ज, एक पाहणी व एक लेखी परवानगी उभी असते. हीच परवानगी महाराष्ट्रात 'भोगवटा प्रमाणपत्र' या नावाने ओळखली जाते. नगररचना, स्थापत्य व विधी या शाखांच्या अभ्यासकांनी या प्रमाणपत्राच्या तांत्रिक बाजूचा विचार केला आहे. इतिहासाच्या अभ्यासकांचे त्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. वस्तुतः नागरी जीवनातील राज्यसंस्था व रहिवासी यांचे बदलते नाते ज्या मोजक्या कागदांतून स्पष्ट वाचता येते, त्यांपैकी हा एक होय.

प्रस्तुत लेखात मुंबई शहरापुरता या परवानगीचा मागोवा घेतला आहे. ही परवानगी राहणाऱ्याच्या आरोग्यासाठी व सुरक्षिततेसाठी अस्तित्वात आली. परंतु ती मागण्याचा अधिकार कायद्याने बांधणाऱ्याच्या हाती ठेवला. बांधणारा, मालक आणि राहणारा यांचे संबंध पुढे बदलत गेले, तरी अर्जदार बदलला नाही. आजच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ या विसंगतीत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'भोगवटा' : शब्द आणि प्रमाण

प्रारंभी या शब्दाविषयी थोडे विवेचन आवश्यक आहे. 'भोगवटा' हा शब्द महापालिकेने घडविलेला नाही. मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांत तो वारंवार येतो. पाटीलकी अथवा कुलकर्णाचा वाद गोतसभेपुढे वा सरकारपुढे आला, की कागदपत्र कोणाजवळ आहेत व साक्षी कोण देतो, यांबरोबरच भोगवटा कोणाचा आहे हेही पाहिले जाई. याची शास्त्रीय परंपरा जुनी आहे. लेख, भुक्ती आणि साक्षी ही तीन मानवी प्रमाणे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितली आहेत. त्यांतील भुक्ती म्हणजेच आपला भोगवटा. पिढ्यान्‌पिढ्या निर्वेधपणे एखादी वस्तू उपभोगणे हा त्या वस्तूवरील हक्काचाच एक पुरावा मानला जात असे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील 'भोगवटादार वर्ग १' व 'वर्ग २' या संज्ञांमध्ये या अर्थाची छाया आजही टिकून आहे.

आधुनिक शहरात मात्र हे नाते उलटे झाले. पूर्वी भोगवट्यातून हक्क सिद्ध होत असे. आता भोगवट्यालाच आधी प्रमाणपत्र लागते. वीस-तीस वर्षे एखाद्या इमारतीत राहिल्याने ती इमारत अधिकृत होत नाही. हा बदल केवळ शब्दाचा नाही. तो कसा घडला हे पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे वळावे लागते.

प्लेग आणि 'राहण्यास अयोग्य' घर

१८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम हा या विषयाचा मूलाधार आहे. इमारत बांधू इच्छिणाऱ्याने आयुक्तांना पूर्वसूचना द्यावी, ही तरतूद त्यातील कलम ३३७ मध्ये आहे. म्हणजे बांधकामाच्या आरंभावर नजर ठेवण्याची व्यवस्था होती. माणसांच्या वस्तीस अयोग्य ठरलेल्या घराचा वापर बंद करविण्याची तरतूदही अधिनियमात होती. परंतु ती दोष सापडल्यानंतरची होती. घर वाईट आहे हे सिद्ध करण्याचा भार पालिकेवर होता. तोपर्यंत प्रत्येक घर राहण्यास योग्यच समजले जाई.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगच्या रोग्याचे निदान केले आणि या व्यवस्थेची मर्यादा उघडी पडली. पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या चाळी, मधल्या अरुंद घरगल्ल्या, दिवसाही दिवा लावावा लागेल अशा खोल्या हे सारे एकाएकी चर्चेचा विषय झाले. १८९७ चा साथरोग अधिनियम आला. घरे चुन्याने रंगविणे, कौले काढून ऊन आत घेणे, भिंतींना भोके पाडणे असे उपाय झाले. ज्या घरांना उपाय नव्हता, त्यांवर 'मनुष्यवस्तीस अयोग्य' या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगविण्यात आली. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. मृत्यू आणि पलायन ही दोन्ही त्यामागची कारणे होती.

दारावर रंगविलेल्या या अक्षरांचे महत्त्व इतिहासदृष्ट्या मोठे आहे. राज्यसंस्थेने घराच्या राहण्यायोग्यतेविषयीचा आपला निर्णय घरावरच जाहीर केला. हा निर्णय नकारात्मक होता आणि तो आत राहणाऱ्या कुटुंबावर कोसळत होता. चाळ बांधून भाडे घेणारा मालक बहुधा दुसरीकडे राहत असे. शिक्षा भोगणारा एक व चूक करणारा दुसरा, ही स्थिती तेव्हाचीच आहे. ती सदनिकांच्या युगात प्रथम निर्माण झाली असे मानण्याचे कारण नाही.

१८९८ मध्ये मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टचे प्रारंभीचे धोरण जुन्या वस्त्या पाडण्याचे होते. पाडलेल्या घरांतील माणसे शेजारच्या वस्तीत शिरत आणि तेथील गर्दी वाढे. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनी प्रकाश व हवा यांवर भर दिला. त्यांनी पुरस्कारलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे. खिडकीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर काढलेल्या रेषेला समोरच्या इमारतीचा अडथळा होता कामा नये, असा तो नियम. सोप्या शब्दांत सांगायचे तर समोरच्या भिंतीच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा सोडावी लागे. येथे 'राहण्यास योग्य' ही कल्पना प्रथमच कोनमापकाने मोजता येईल अशी झाली. जे मोजता येते ते नकाशावर आधी तपासता येते, आणि बांधून झाल्यावर नकाशाशी ताडूनही पाहता येते. वापर परवानगीची वैचारिक पूर्वतयारी या मोजमापात झाली. ट्रस्ट स्वतः १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला.

कलम ३५३-अ : मुदतींचे गणित

वापर परवानगीची तरतूद अधिनियमाच्या कलम ३५३-अ मध्ये आहे. क्रमांकापुढील 'अ' या अक्षरावरूनच हे कलम मूळच्या १८८८ च्या संहितेत नव्हते, ते दुरुस्तीने घातले गेले, हे ध्यानात येते. कलमाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. काम पूर्ण झाल्यापासून एका महिन्याच्या आत इमारत बांधविणाऱ्याने आयुक्तांना लेखी सूचना द्यावयाची. तिच्यासोबत परवानाधारक सर्वेक्षकाचे पूर्णत्वाचे प्रमाणपत्र जोडावयाचे. सूचना मिळाल्यापासून सात दिवसांत पाहणी सुरू झाली पाहिजे आणि पाहणी सुरू झाल्यापासून सात दिवसांत परवानगी अथवा नकार कळविला पाहिजे. परवानगी मिळेपर्यंत कोणीही इमारतीत राहू नये वा राहू देऊ नये. मात्र सूचना मिळून एकवीस दिवस झाले आणि आयुक्तांनी नकार कळविला नाही, तर वापरास आडकाठी राहत नाही. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमातही, ज्याखाली पुणे महापालिकेचा कारभार चालत आला आहे, कलम २६३ मध्ये असाच आराखडा आहे.

प्लेगकाळातील व्यवस्थेशी तुलना केली असता दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे सिद्धतेचा भार फिरला. घर वाईट आहे हे पालिकेने दाखवावयाचे नसून ते नियमानुसार आहे हे बांधणाऱ्याने दाखवावयाचे. दुसरी गोष्ट म्हणजे कायदा करणाऱ्यांना दफ्तरी दिरंगाईची पूर्ण कल्पना होती. अन्यथा मौनाला संमती मानणारी एकवीस दिवसांची तरतूद त्यांनी घातली नसती. व्यवहारात ही तरतूद दुबळी ठरते. पालिकेचे मौन जलखात्याच्या खिडकीवर दाखविता येत नाही. तेथे कागदच लागतो.

या कलमात राहणारा कोठे आहे? तो केवळ निषेधाचा विषय म्हणून येतो. सूचना द्यावयाची बांधविणाऱ्याने, प्रमाणपत्र द्यावयाचे सर्वेक्षकाने, परवानगी द्यावयाची आयुक्तांनी. राहणाऱ्याने फक्त राहावयाचे नाही. हे कलम रचले गेले तेव्हा यात विशेष वावगे नव्हते. भाड्याच्या चाळीचा मालक इमारत कायम आपल्याकडे ठेवणार होता. परवानगीवाचून भाडेकरू ठेवला तर नोटीस त्यालाच येणार होती. त्यामुळे अर्ज करण्यात त्याचा स्वार्थ होता.

मालकी सदनिका आणि गैरहजर अर्जदार

दुसऱ्या महायुद्धानंतर हे समीकरण मोडले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठविली आणि भाड्यासाठी इमारत बांधण्यातील गोडी संपली. त्याऐवजी सदनिका मालकी तत्त्वावर विकण्याची पद्धत रूढ झाली. आता बांधणारा इमारतीचा तात्पुरता धनी होता. शेवटची सदनिका विकली गेली की त्याचा संबंध संपे. निदान तो संपला असे तो मानी. उरलेले नफ्याचे काम पुढच्या भूखंडावर असे. अर्जासाठी अग्निशमन, उद्वाहन, मलनिःसारण, जलजोडणी इत्यादी खात्यांचे दाखले गोळा करण्याचे खर्चिक काम मागच्या भूखंडावर राही.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच महिन्यात, म्हणजे मे १९६० मध्ये, सरकारने सदनिकांच्या व्यवहारातील गैरप्रकारांचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिच्या कामातून १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम, व्यवहारात 'मोफा', निर्माण झाला. स्थानिक प्राधिकरणाने पूर्णत्वाचे प्रमाणपत्र दिल्यावाचून प्रवर्तकाने कोणास ताबा देऊ नये, असे त्याचे कलम ३ सांगते. कोणीही तसा ताबा घेऊ नये, असेही त्याच कलमात आहे. म्हणजे निषेध दोघांवर आहे, पण अर्ज एकाच्याच हाती आहे. कर्जाचा हप्ता आणि घरभाडे असे दुहेरी ओझे वाहणाऱ्या खरेदीदाराला किल्ली पुढे केली असता त्याने ती नाकारावी, ही अपेक्षा कायद्याच्या पुस्तकातच शोभते. 'अंतर्गत सजावटीसाठी ताबा' हा शब्दप्रयोग याच फटीतून आला. दुधाचे पातेले गॅसवर चढल्यावर सजावट कधी संपली हे कोण ठरविणार?

अर्ज अडतो कशामुळे, याचे उत्तर बहुतेक वेळा मंजूर नकाशा व प्रत्यक्ष इमारत यांतील तफावतीत असते. बाल्कनी खोलीत घेतलेली असते, खांबांवरच्या मोकळ्या वाहनतळात गाळे निघालेले असतात, क्वचित अख्खे मजले वाढलेले असतात. मुंबईतील ब्रीच कँडी येथील 'प्रतिभा' इमारतीचे वरचे आठ मजले पाडण्याचा १९८४ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कायम केला. वरळीच्या कॅम्पा कोला आवारातील सात इमारती १९८१ ते १९८९ या काळात उभ्या राहिल्या. १९८४ मध्ये काम थांबविण्याची नोटीस निघूनही मजले चढतच गेले आणि त्यांत कुटुंबे राहावयास आली. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मजले नियमित करण्यास नकार दिला. याज्ञवल्क्याच्या भुक्तीला येथे काहीही किंमत उरली नव्हती. न्यायालयाची भूमिका कायद्याला धरून होती, याविषयी वाद नाही. तथापि नोटीस निघाल्यानंतरही पालिकेच्या डोळ्यांदेखत काम चालू राहिले, या वस्तुस्थितीची किंमत प्रामुख्याने रहिवाशांनी मोजली, हेही नमूद केले पाहिजे.

तिसरे उदाहरण कमी गाजलेले, पण या लेखाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांनी १९९७ मध्ये ताबा घेतला. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले नव्हते. परिणामी त्यांना मालमत्ता कर २५ टक्के व पाणीपट्टी ५० टक्के अधिक दराने भरावी लागली. १९९८ मध्ये संस्थेने ग्राहक मंचाकडे तक्रार केली. प्रमाणपत्र चार महिन्यांत मिळवून द्यावे, असा आदेश २०१४ मध्ये झाला. कायद्यातील एकवीस दिवसांच्या बाजूला ही सोळा वर्षे ठेवून पाहावीत. आदेशानंतरही प्रमाणपत्र आले नाही, म्हणून संस्थेने जादा भरलेल्या रकमेसाठी पुन्हा तक्रार केली. राष्ट्रीय आयोगाने ती मुदतबाह्य ठरविली. ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. प्रमाणपत्र मिळवून न देणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि जोपर्यंत ते मिळत नाही तोपर्यंत ती चूक रोज नव्याने घडत असते, असे न्यायालयाने मानले. खटला ग्राहकाचा होता, हे लक्षणीय आहे. महापालिकेच्या कायद्यात राहणाऱ्याला उभे राहण्यास जागा नव्हती. ती त्याला ग्राहक म्हणून शोधावी लागली.

अलीकडील स्थिती

२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, म्हणजेच 'रेरा'ने, पूर्णत्व प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या स्वतंत्र व्याख्या दिल्या. 'मोफा'तील जुनी संदिग्धता त्यामुळे कमी झाली. प्रमाणपत्र मिळविण्याची जबाबदारी कलम ११ नुसार प्रवर्तकावरच राहिली. त्याची प्रत वाटपग्राहींना उपलब्ध करून देणेही बंधनकारक झाले. १७ डिसेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांसाठी निर्देश दिले. प्रमाणपत्र मिळाल्यावरच ताबा देण्याची हमी बांधणाऱ्याकडून घ्यावी, वीज व पाण्याची जोडणी प्रमाणपत्र पाहूनच द्यावी आणि बँकांनीही ते तपासूनच कर्ज मंजूर करावे, असा त्यांचा आशय आहे.

या निर्देशांमुळे नव्या इमारतींच्या बाबतीत अर्ज करणे बांधणाऱ्याच्या हिताचे ठरेल, अशी अपेक्षा करता येते. चाळमालकाच्या काळात जो स्वार्थ अर्जामागे होता, तो बँक व वीज कंपनी यांच्या मार्फत परत आणण्याचा हा प्रयत्न आहे. परंतु ज्या इमारतींत माणसे अगोदरच राहत आहेत, त्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. तेथे बांधणारा निघून गेलेला असतो, सर्वेक्षकाची सही मिळत नाही आणि मूळ नकाशे संस्थेच्या कपाटात नसतात. प्राध्यापकांनी स्थापन केलेल्या गृहनिर्माण संस्थाही याला अपवाद नाहीत. अशा संस्थेचा सचिव पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात जातो, तेव्हा त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न 'आपण अर्जदार आहात काय?' हाच असतो.