क्यू-निर्मिती
क्यू-निर्मिती : बिल्यर्ड्‌झ, पूल इ. खेळांत चेंडू टोलविण्याच्या निमुळत्या लाकडी काठीस ‘क्यू’ म्हणतात. पूर्वी टोकाला ठोकळा असलेल्या ‘मेस’ नावाच्या दांड्याने चेंडू ढकलीत. तो दांडा उलटा धरून बारीक टोकाने टोला मारण्याच्या प्रघातातून क्यू निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच खेळाडू फ्रांस्वा मँगो यांनी टोकास चामडे बसविल्याने चेंडूस फिरक देणे साधले.

खेळाडूंच्या मागणीनुसार क्यू घडविणाऱ्या अमेरिकन कारागिरांत जॉर्ज बालाबुश्का (१९१२–७५) अग्रगण्य मानले जातात. रशियात जन्मलेले हे कसबी सुतार न्यूयॉर्कमध्ये १९५९ पासून क्यू बनवू लागले. मात्र त्यांचा क्यू एकट्याच्या हातचा क्वचितच असे. मॅपलच्या दांड्यात गडद लाकडाच्या टोकदार पाचरी सांधून मुठीकडील भाग तयार करणे, हे यातील सर्वांत अवघड काम. असे दांडे ते प्रथम ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ क्यूंपासून घेत. १९६६ पासून बर्टन स्पेन व १९७१ पासून गस झँबोटी ते त्यांना पुरवीत. कातकाम, सांध्याची जुळणी, जडावकाम, आयरिश लिननच्या दोऱ्याचे वेष्टन आणि अखेरीस तोल ही बालाबुश्कांची करामत. पुढच्या निमुळत्या भागाचे मॅपल मुरवत, टप्प्याटप्प्याने कातावे लागते. घाई केल्यास काठी वाकते. क्यूवर नाव बालाबुश्कांचेच असे. झँबोटी पुढे स्वतःच्या क्यूंमुळे ख्यातनाम झाले; स्पेन यांचे नाव त्यामानाने थोड्यांनाच ठाऊक. संग्राहक मात्र बालाबुश्का क्यूचे मोल करताना मूळ दांडा कोणाचा, हे आवर्जून पाहतात.